मुलगी मागायला मिल्ड्युराला

तुर्कस्तानला जाऊन आलेलं कुटुंब आमच्या मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत दर चार घरांमागे एक तरी सापडतं. ओळखायची खूण सोपी असते. दारात निळ्या काचेचा डोळा टांगलेला असतो, फ्रिजवर माणसं बसवून उडवतात त्या गरम हवेच्या फुग्यांचं मॅग्नेट असतं, आणि चहाला बसलात की "व्हेज मिळायला फार त्रास होतो हं तिकडे" इथपासून "पण लोक काय देखणे असतात गं!" इथपर्यंतचं सगळं ऐकल्याशिवाय उठता येत नाही. आमच्या मंडळातलं एक जोडपं तर नऊवारी आणि फेटा घालून फुग्यात बसलं होतं. फेटा वाऱ्यानं उडाला आणि कुठल्याशा दरीत पडला. तिथल्या एखाद्या मेंढपाळाला तो सापडला असेल तर त्याने काय समजूत करून घेतली असेल, हा विचार मला अधूनमधून छळतो.

मी तुर्कस्तानला गेलेले नाही. मी मिल्ड्युराला गेले. गाडीनं, सहा तास, आमच्याच व्हिक्टोरिया राज्यात. आणि तरी मी म्हणते की फुग्यातून दिसतो त्यापेक्षा जास्त तुर्कस्तान मी बघितला, कारण आम्ही तिथे मुलगी मागायला गेलो होतो.

मुलगा आमचा, निनाद. क्लेटनला युनिव्हर्सिटीत असताना त्याला एलिफ भेटली. ती फार्मसी शिकत होती, हा इंजिनिअरिंग शिकत असल्याचं आम्हाला सांगत होता. पाच वर्षं आमच्या घरी ती 'ग्रुपमधली एक फ्रेंड' म्हणून येत-जात होती. माझा नवरा शिरीष याला ते शेवटपर्यंत खरं वाटलं. मला पहिल्या दिवशी कळलं, कारण ग्रुपमधल्या इतर कुणी माझी आमसुलाची चटणी मागून घेतली नव्हती.

लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा एलिफनं आमच्या डायनिंग टेबलाशी बसून त्यांची रीत समजावली. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं. फुलं न्यायची, चांदीच्या तबकात चॉकलेटं न्यायची. मुलगी सगळ्यांना कॉफी करून देते. मग मुलाकडचं सगळ्यात वडीलधारं माणूस उभं राहतं आणि मुलगी मागतं. मुलीकडचं सगळ्यात वडीलधारं माणूस हो म्हणतं, किंवा म्हणत नाही.

"इट्स नॉट अ बिग डील, आंटी," ती म्हणाली. मग थोडा वेळ चमचा फिरवत बसली. "ओके, इट इज."

ऐकून मला वाटलं, किती छान रीत आहे! आपल्याकडे मुलीच्या बापानं पत्रिका घेऊन चपला झिजवायच्या, इथे मुलाकडच्यांनी हात जोडायचे. शंभर टक्के न्याय्य. मग लक्षात आलं की या खेपेला मी मुलाची आई आहे आणि न्याय नेमका माझ्याच वेळेला सुरू होतोय.

एलिफच्या आईवडिलांची संमती होती. लग्न नोंदणी पद्धतीनं, मग दोन्हीकडचं थोडं थोडं, हे मुलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. अडचण होती तिच्या आजोबांची, म्हणजे देदेंची. आईवडील द्राक्षमळ्यात राबायचे तेव्हा एलिफला त्यांनीच वाढवलं होतं. निनादबद्दल त्यांना सांगून कित्येक महिने झाले होते आणि ते एक शब्द बोलले नव्हते. नाही म्हणाले नव्हते, हो तर नाहीच नाही.

"देदे नो म्हणाले तरी मी निनादशीच लग्न करेन," एलिफ म्हणाली. हे मात्र ती अगदी सावकाश बोलली. "पण मग मला सुट्टीत जायला घर राहणार नाही."

पोरीचे डोळे भरले होते. मी तिच्यापुढे चटणी सरकवली.

काल्डर हायवे

आमच्याकडचं वडीलधारं माणूस म्हणजे माझे थोरले दीर, अण्णा. सांगलीच्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दरवर्षी काही महिने आमच्याकडे येतात. तुर्कांबद्दल अण्णांचा अभ्यास दांडगा. फक्त त्यांच्या अभ्यासातला प्रत्येक तुर्क घोड्यावरून येतो, काहीतरी पाडतो आणि पुढच्या प्रकरणात जातो. फार्मसीची पदवी घेऊन येणारा तुर्क त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

एलिफनं मागणीचं ठरलेलं वाक्य फोनवर पाठवलं होतं. अर्थ असा की, अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतो. अँझॅक डेच्या, म्हणजे इथल्या युद्धस्मरणाच्या सुट्टीच्या, आठवड्यात आम्ही निघालो. गाडी बेंडिगोच्या पुढे जाईपर्यंत अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी दशम्या खाल्ल्या, दही कुठल्या दुकानातलं ते विचारलं, आणि मग म्हणाले, "मी म्हणणार नाही."

"अण्णाकाका, एकच लाइन आहे," निनाद म्हणाला.

"लाइन मला वाचता येते रे. मागणारा मी. मग कुणाच्या नावानं मागायचं ते मी ठरवायचं का तुझ्या सासऱ्यानं?"

"सासरा नाही, ग्रँडफादर."

"तेच ते. मी रोज अथर्वशीर्ष म्हणणारा माणूस. माझ्या तोंडी ते शोभेल का?"

शिरीष म्हणाला की मग मीच म्हणतो. निनाद म्हणाला चालणार नाही, एल्डेस्टनंच म्हणायचं असतं. अण्णा म्हणाले, मग एल्डेस्टला काय म्हणायचंय तेही ऐकायचं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि रागही. मुलाचं लग्न एका वाक्यावर अडलं होतं आणि ते वाक्य ज्याच्या तोंडी होतं त्याला दह्याची चौकशी सुचत होती.

बाहेर बघण्यासारखं काय होतं म्हणाल, तर कापून झालेले गव्हाचे पांढुरके पट्टे, त्यांच्यामधून सरळ जाणारा रस्ता आणि दर तासाला एक गाव. प्रत्येक गावात एक बेकरी, एक पब आणि बंदूक उलटी धरून मान खाली घातलेला दगडी सैनिक. वाटेतल्या एका गावात तर मालगाडीचे रूळ भर पेठेतून गेलेत, दोन्ही बाजूला दुकानं. तिथे सँडविच खायला थांबलो तेव्हा अण्णा सैनिकाच्या चौथऱ्यावरची नावं वाचत उभे राहिले.

"हे सगळे कुठं लढले?" त्यांनी निनादला विचारलं.

"गॅलिपोलीला. फर्स्ट वर्ल्ड वॉरमध्ये, टर्कीत. म्हणजे, दे लँडेड ऑन देअर बीच."

"मग जिंकले?"

"नाही, हरले."

"हरले? मग गावोगावी पुतळे कशाला?" अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत नावं वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "पानिपतासारखं."

आपल्यालाही हे चांगलं कळतं. कुठलीही जिंकलेली लढाई आपण पानिपताइतक्या जिव्हाळ्यानं सांगत नाही. फरक इतकाच की ऑस्ट्रेलियन माणूस आपल्या पराभवाला सुट्टी देतो, पहाटे उठतो आणि बिस्किटं खातो. आपण फक्त ज्याच्या चुकीमुळे हरलो त्याच्या आडनावावरून भांडतो.

पुढे माती तांबडी झाली, झाडं खुजी झाली, आणि एकदम हिरवं काहीतरी सुरू झालं. द्राक्षाच्या ओळी. सांगलीचा माणूस गाडीत सरळ होऊन बसला.

मिल्ड्युरा

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचायचं होतं. मोटेलच्या खोलीत मी साडी नेसले, शिरीषनं सूट घातला. निनादनं तीन टाय बदलले. अण्णांनी धोतर नेसायचं ठरवलं होतं. मी विरोध केला नाही, कारण माझी विरोध करायची ताकद मी त्या वाक्यासाठी राखून ठेवली होती.

एलिफचं घर मळ्यातच होतं. दारात तिची आई नुराय, वडील हकन, आणि त्यांच्या मागे काठीवर दोन्ही हात ठेवून देदे. उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशा, कोट-टाय आणि त्याखाली लोकरीच्या चपला. आम्हालाही चपला दिल्या. बाहेरचे जोडे काढून घरातल्या चपला पाहुण्याला घालायला देतात, हे बघून मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. इथल्या लोकांच्या घरी बूट घालून गालिच्यावर चालताना माझा जीव अजून खालीवर होतो.

निनाद नमस्काराला वाकला. त्याच क्षणी देदेंनी हात पुढे केला, कारण त्यांच्यात तरुण माणूस थोरांचा हात ओठांना आणि मग कपाळाला लावतो. निनादचं डोकं देदेंच्या मुठीवर आपटलं. एलिफनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात नुराय एक काचेची बाटली घेऊन आली आणि आमच्या हातांवर शिंपडू लागली. लिंबाच्या वासाचं कोलोन. पाहुणा आला की हातावर देतात. अण्णा रांगेत दुसरे होते. त्यांनी उजव्या हाताची ओंजळ केली, डाव्या हाताचा आधार दिला, डोळे मिटले आणि ते प्यायले. शिरीष "अण्णा!" म्हणेपर्यंत तीर्थ पोटात गेलं होतं. अण्णांचा चेहरा मळ्याच्या मातीसारखा झाला. पण सवयीचा माणूस. उरलेला ओला हात त्यांनी रीतसर डोक्यावरून मागे फिरवला. आणि ते कोलोन तसंच केसांना, मानेला लावायचं असतं, त्यामुळे निम्मी रीत बरोबर झाली. देदे त्यांच्याकडे बघत होते. मिशीखाली काय चाललंय, कळायला मार्ग नव्हता.

लगेच मागणी करत नाहीत. आधी खायचं असतं. पालक भरलेले पापुद्र्यांचे बोरेक, द्राक्षाच्या पानांच्या भात भरलेल्या गुंडाळ्या, मसुराचे गोळे, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या घेवड्याच्या शेंगा, चार तऱ्हेचं चीज. आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर नुरायनं दोन दिवस खपून एवढं केलं होतं. व्हेज मिळायला फार त्रास होतो म्हणणाऱ्या सगळ्यांची मला आठवण झाली. दिवाणखान्यात त्यांच्या निळ्या डोळ्यांच्या राष्ट्रपित्याची तसबीर होती, तिच्याशेजारी मक्केचं चित्र होतं, आणि दोघांच्या मध्ये एका ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघाचा स्कार्फ. आमच्याकडे गणपती, विज्ञाननिष्ठ सासरे आणि क्रिकेटची बॅट एका भिंतीवर आहेत, तेव्हा मला काही बोलायची सोय नव्हती.

चहा आला, बिनदुधाचा, कंबर असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यातून. पेला रिकामा झाला की परत भरत. शिरीष आपल्या पद्धतीनं "नको नको" म्हणत होता, आणि आपल्या पद्धतीनं त्याचा अर्थ घेतला जात होता, म्हणजे आणखी ओतला जात होता. शेवटी एलिफनं येऊन त्याचा चमचा पेल्यावर आडवा ठेवला. त्यांच्यात पुरे म्हणायची खूण ती. शिरीषनं इतक्या कृतज्ञतेनं तिच्याकडे पाहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हाऊ यू गोइंग, मेट?" देदेंनी अण्णांना विचारलं. हे त्यांचं पहिलं वाक्य.

"आय अॅम फाइन. अँड यू, सर?" अण्णा म्हणाले.

अण्णांना काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून त्यांनी वाटेतल्या पुतळ्यांचा विषय काढला. मी टेबलाखालून शिरीषला पाय मारला. देदे शांतपणे ऐकून म्हणाले, "वी वन, मेट. बट यू गाइज गेट द हॉलिडे."

अण्णा हसले. मनापासून हसले. त्यानंतर देदे थोडे बोलायला लागले, अर्धं इंग्रजीत, अर्धं तुर्कीत, एलिफ मध्ये. ते तरुणपणी आले ते दोन वर्षांसाठी. ऑस्ट्रेलियाला कारखान्यांसाठी माणसं हवी होती, तुर्कस्तानात माणसं जास्त होती, दोन सरकारांनी करार केला आणि विमानं भरभरून पाठवली. दोन वर्षं मोटारींच्या कारखान्यात काम करायचं, ट्रॅक्टरपुरते पैसे जमवायचे, गावी परत जायचं. ट्रॅक्टर घेतला, पण मिल्ड्युरात. गावी परत न्यायची पेटी मात्र कितीतरी वर्षं कपाटावर भरून ठेवलेली होती.

मी आणि शिरीषनं एकमेकांकडे बघितलं नाही. आम्हीही दोन वर्षांसाठीच आलो होतो. प्रोजेक्ट होतं.

मग एलिफनं तुर्कस्तानात, इझमीरला राहणाऱ्या मामेबहिणींना व्हिडिओ कॉल लावला. एका सोफ्यावर दोघी सख्ख्या बहिणी; एकीनं डोक्याला घट्ट स्कार्फ बांधलेला, दुसरीचे केस निळे. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, निवडणुकीवरून भांडत होत्या आणि एकाच वाटीतल्या सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या. देदेंनी त्यांना काहीतरी दरडावून सांगितलं. दोघी हसून लोळल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"देदेंचे वर्ड्स," एलिफ म्हणाली. "असं टर्किश आता कोणीच बोलत नाही म्हणतात. म्युझियममध्ये ठेवा म्हणतात." तिनं फोन जरा बाजूला धरला. "आणि गावचा द्राक्षाचा मळा राहिला नाही. तिथे अपार्टमेंट्स झालीत."

देदेंनी मान फिरवली. मला त्यांची दया आली, मग स्वतःची आली. गेल्या वर्षी पुण्यात मी रिक्षावाल्याशी बोलले तर माझी भाची खो-खो हसली होती, "आत्या, तू जुन्या मालिकेसारखं काय बोलतेस!" आमचं पुणं आम्ही निघालो त्या वर्षी थांबलंय आणि मेलबर्नच्या मंडळात दर गणपतीला आम्ही ते झटकून पुसून बाहेर काढतो. देदेंचा तुर्कस्तान त्यांच्या पेटीत थांबलेला, अण्णांचा त्याच्याही आधी, तोफा आणि घोड्यांपाशी. खरा तुर्कस्तान सोफ्यावर बसून बिया सोलत होता आणि आम्हा कुणालाच तो नीट ओळखू येत नव्हता.

जेवणानंतर देदे आणि अण्णा मळा बघून आले. पत्र्याखाली तारेच्या जाळ्यांवर शेवटचे बेदाणे वाळत होते. इथे बेदाण्याला सुलताना म्हणतात. ते द्राक्षही तिकडूनच आलेलं. अण्णा परत आले ते खिशात बेदाणे भरून. "तासगावसारखंच," म्हणाले. त्या माणसाविषयी काही म्हणाले नाहीत.

मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "अण्णा, ते वाक्य?"

"बघू," अण्णा म्हणाले, आणि बेदाणे खात राहिले.

कॉफी

सगळे दिवाणखान्यात बसलो. एका बाजूला आम्ही, समोर ते. मधे चांदीचं तबक, त्यात आमची चॉकलेटं, बाजूला फुलं. स्वयंपाकघरातून कॉफी उकळल्याचा वास आला आणि एलिफ ट्रे घेऊन आली. निळा रेशमी झगा, केस बांधलेले, चेहरा पांढराफटक. पहिला कप तिनं अण्णांना दिला, मग देदेंना, मग सगळ्यांना, शेवटी निनादला.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवऱ्या मुलाच्या कॉफीत मुलगी साखरेऐवजी मीठ घालते. मुद्दाम घालते, भरपूर. मुलानं तोंड वाकडं न करता ती प्यायची. म्हणजे तो पुढे बायकोचं सगळं सोसेल असं समजायचं. हे निनादला माहीत होतं. टीव्हीवरच्या तुर्की मालिकांमुळे मला माहीत होतं. शिरीषला मी सांगितलं होतं. अण्णांना कुणीच सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांचा सगळा वेळ त्यांना ते वाक्य म्हणायला राजी करण्यात गेला होता.

निनादनं पहिला घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, गळ्यातली गाठ वर गेली आणि तिथेच राहिली. पण चेहरा ठेवला पोरानं. मला त्याचा अभिमान वाटला.

शेजारी अण्णा बसले होते. त्यांनी निनादकडे बघितलं, मग कपाकडे. मग अगदी सहज, पंगतीत शेजारच्याच्या वाटीतली आमटी बघावी तसा त्याच्या हातातला कप घेतला आणि एक घोट प्यायले.

अण्णांनी मान वर केली. समोर रिकामा ट्रे छातीशी धरून एलिफ उभी होती. ती देदेंकडे बघत होती, घाबरून. अण्णांनी तिला नीट पाहिलं, आणि तो कप तोंडाला लावला. एका दमात संपवला. तुर्की कॉफीचा खालचा गाळ प्यायचा नसतो. अण्णांनी तोही प्यायला. रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस. मग कप बशीत ठेवून, मिशीला लागलेला गाळ धोतराच्या सोग्याला पुसून ते देदेंना खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "व्हेरी गुड कॉफी. फर्स्ट क्लास."

नुरायनं तोंडावर हात धरला. हकन उठून स्वयंपाकघरात गेला आणि तिथून काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला. तो हसत होता हे आम्हाला मागाहून कळलं. देदे हसले नाहीत. ते एलिफला तुर्कीत काहीतरी म्हणाले.

"देदे विचारतात," ती चाचरत म्हणाली, "निनादची कॉफी तुम्ही का प्यायलात?"

संपलं, मला वाटलं. पाच वर्षं वाढलेलं काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत मोडतंय आणि मी साडी नेसून बघत बसले आहे.

अण्णा इंग्रजीत सुरू झाले, अडले, आणि मराठीवर आले. "निनाद, तू सांग तिला. तिनं त्यांना सांगू दे." मग देदेंकडेच बघत बोलले. "पोरीच्या हातनं कॉफीत मीठ पडलं. पडतं. घाबरलेली आहे ती. पण ते आज चारचौघांत निघालं असतं, तर जन्मभर निघालं असतं. आमच्याकडं तसं आहे. ही वैशाली बसलीय ना, आमच्या शिरीषची बायको. लग्नानंतर पहिल्या दिवशी हिची आमटी खारट झाली. तीस वर्षं झाली, आमच्या घरात अजून ती आमटी निघते. गंमत म्हणून निघते. हिला गंमत वाटते का, हे आम्ही कधी विचारलं नाही. म्हणून म्हटलं, कुणाला कळायच्या आत संपवावी."

निनादनं इंग्रजीत सांगितलं. एलिफनं तुर्कीत सांगायला सुरुवात केली, पण आमटीपाशी तिचा आवाज फुटला आणि पुढचं नुरायनं पुरं केलं. मी मान खाली घातली. तीस वर्षांत त्या आमटीवर मी सगळ्यांबरोबर हसत आले आहे. मला गंमत वाटत नाही. कधीच वाटली नाही.

शिरीष माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग नुरायनंच अण्णांना रीत समजावली: मीठ चुकून पडलेलं नाही, मुलाची परीक्षा असते. अण्णांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"म्हणजे मी परीक्षेत दुसऱ्याचा पेपर सोडवला?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं कॉपी पकडली मी, आणि या वयात..."

निनादला हसू फुटलं. मग सगळेच. एलिफ तर ट्रे धरून खाली बसली. देदे तेवढे गप्प होते.

अण्णा उठले. धोतर सारखं केलं, खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली आणला. ते वाक्य समोर धरून उभे राहिले. ओठ हलत होते. ते काय म्हणणार होते ते मला आजही माहीत नाही. आल्यावर मी विचारलंही नाही.

कारण देदेंनी हात वर केला. "सिट, मेट," ते म्हणाले. मग तुर्कीत बराच वेळ, काठीकडे बघत. एलिफ जमिनीवरूनच सांगत गेली, एकेक वाक्य.

"देदे म्हणतात, तुमचं मागून झालंय. ते म्हणतात, इतके महिने मी एकच विचार करत होतो. निनाद चांगला आहे, ते मला माहीत होतं. पण माझी एलिफ परक्या लोकांत जाणार. परका देव, परकं जेवण. ती चुकणार. ती चुकली तर त्या घरात तिची चूक कोण गिळेल?" एलिफनं डोळे पुसले. "ते म्हणतात, ते मी आज बघितलं. मुलं राजी आहेत, मग आम्ही म्हातारे मधे कोण."

अण्णा खाली बसले. देदेंनी हात पुढे केला आणि अण्णांनी तो दोन्ही हातांत धरला. कपाळाला लावायचा की नाही हे दोघांनाही ठरवता येईना, कारण वयानं कोण मोठं ते कुणालाच माहीत नव्हतं. तसेच बसून राहिले.

मी तोंड पुसून उठणार, इतक्यात देदे पुन्हा काहीतरी म्हणाले. आता मात्र मिशी हलत होती. एलिफ उठली, ट्रे उचलला.

"काय म्हणाले?" निनादनं विचारलं.

"म्हणतात, लग्न अंकलशी नाहीये. मुलाची कॉफी राहिलीय."

ती आत गेली. आम्ही सगळे ऐकत होतो. स्वयंपाकघरातून मिठाच्या बरणीत चमचा जात असल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला.